चेष्टा करण्याचं वय

भाद्रपद लागला की बालीगंजमधल्या आमच्या गल्लीत दुर्गापूजेच्या मांडवाचे बांबू येऊन पडतात. एका सकाळी खाली उतरावं तर फुटपाथ गायब झालेला असतो आणि त्याच्या जागी हिरवट-पिवळे, ओले, शेवाळाचा वास येणारे बांबू आडवे पसरलेले असतात. त्या दिवसापासून या शहरात दोनच काळ उरतात, पूजेआधी आणि पूजेनंतर. दुखरी दाढ पूजेआधी काढायची. गळका नळ पूजेनंतर. आमच्या लिफ्टला नवं दार बसवायचं आहे, ते गेली चार वर्षं पूजेनंतर बसणार आहे. मी मूळचा सांगलीचा. आमच्याकडे कामं 'उद्या' व्हायची आणि नाही झाली तर 'बघू' म्हणायचे. इथे येऊन पंचवीस वर्षं होत आली, आता मीही पूजेआधी-पूजेनंतरवर आलोय.

त्या ओल्या बांबूंच्या वासाने मला दरवर्षी एकच ऋतू आठवतो. खिदिरपूरच्या गोदीजवळ काढलेले ते तीन महिने. तेव्हा मी प्रोग्रॅमर होतो. आता काय आहे ते सांगायला जरा वेळ लागतो, कारण माझ्या पदाच्या नावात पाच शब्द आहेत आणि पाचही वाचून मी काय करतो ते कोणाला कळत नाही. मागे बायकोच्या भावाने तिला विचारलं, "मिलिंदराव नक्की करतात काय गं?"

"मीटिंगा करतात," अंजली म्हणाली.

"आणि काम?"

"ते कोणी करायचं हे मीटिंगमध्ये ठरतं."

तर यंदा बांबू आले त्याच आठवड्यात ऑफिसात ती मेल आली. दरवर्षी येते. आमच्या टीमचा सगळा कोड एका जागी ठेवलेला असतो. त्यात बदल करायची परवानगी कोणाकोणाला आहे याची यादी वर्षातून एकदा माझ्याकडे येते. मी नावं बघायची, जे वापरत नाहीत त्यांची परवानगी काढायची आणि सही करायची. पाच मिनिटांचं काम. एरवी मी ते दुसरं कोणी बोलत असताना उरकतो. यादीत चौदा नावं होती आणि प्रत्येकापुढे त्याने शेवटचा बदल कधी केला ते लिहिलं होतं. काल. काल. परवा. आज सकाळी. असं तेरा नावांपर्यंत. चौदाव्यापुढचा रकाना कोरा. मी मनात म्हटलं, हा कोण ऐतखाऊ बाबा? नाव वाचलं. माझंच होतं.

खाली यंदापासूनचा नवा नियम दिलेला. वर्षभरात ज्याचा एकही बदल स्वीकारला गेला नाही, त्याची परवानगी अमुक तारखेला संध्याकाळी सहा वाजता आपोआप रद्द होईल. ती तारीख पंचमीची होती, पूजेची सुट्टी लागण्याआधीचा शेवटचा दिवस. बाकी तेरा जणांच्या नावापुढे मला खूण करता येत होती. स्वतःच्या नावापुढे येत नव्हती.

रद्द झाली असती तर काय बिघडणार होतं? पगार तोच, खुर्ची तीच. कोणाला पत्ताही लागला नसता. तरी ते लागलं मला. गेली अकरा वर्षं मी स्वतःला सांगत आलो होतो की मी मुळात प्रोग्रॅमर आहे, सध्या जरा मॅनेजरचं काम बघतोय. त्या वाक्याला एवढा एकच पुरावा शिल्लक होता, आणि तो पंचमीला संध्याकाळी सहा वाजता जाणार होता.

प्रयत्न मी सोडलेले नव्हते हं. दर जानेवारीत मी एक नवी भाषा शिकायला घेतो, कॉम्प्युटरची. पहिला धडा मला सहा भाषांमधला येतो. सहाही भाषांत मी पडद्यावर 'नमस्कार' उमटवू शकतो. त्यापुढे संभाषण जात नाही. टीममधली मुलं बोलतात त्यातलं अर्धं मला कळतं आणि उरलेल्या अर्ध्याला मी मान डोलावतो. एकदा मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणालं, "सकाळी कंटेनर पडला होता." माझ्या डोळ्यांपुढे खिदिरपूरच्या क्रेनवरून सुटलेली लोखंडी पेटी आली. मी दचकून विचारलं, "कोणाला लागलं नाही ना?" सगळे खो-खो हसले. सरांनी काय विनोद केला! मीही हसलो. हल्ली प्रोग्रॅम ज्यात भरून ठेवतात त्या डबीलाच कंटेनर म्हणतात, हे मी नंतर दार लावून वाचलं.

त्यात आता यंत्रच कोड लिहायला लागलंय. मराठीत सांगितलं तरी लिहितं. मेल आल्यावर एका सकाळी मी त्याला एक काम सांगून बघितलं. त्याने चहा निवायच्या आत साठ ओळी लिहून दिल्या. बरोबर होत्या. पण मला वाटलं, माझ्या पुढ्यातलं ताट कोणी ओढून घेतलंय, जेवून हात धुतलेत आणि वर "छान होतं हो" म्हणालंय.

आमची लेक ईरा इथेच जन्मली, इथेच वाढली. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिचं मराठी बालीगंजचं. बंगालीत चहाही खातात आणि पाणीही खातात, म्हणून तीही खाते. एकदा सांगलीच्या माझ्या मावशीला तिने प्रेमाने विचारलं, "आजी, पाणी खाणार?" मावशी म्हणाली, "खाते की. कापून आण."

तर त्या सकाळी ईरा माझ्याकडे बघून म्हणाली, "बाबा, तोंड असं का केलंस?"

मी सांगितलं.

"मग एक बदल करून टाक ना. छोटासा. एकदा चेष्टा तर कर!"

"तीच तर करतायत सगळे त्याची," स्वयंपाकघरातून अंजली म्हणाली.

"काय करतायत?" ईराला कळेना.

अंजली हसत होती आणि मी टेबलाशी बसल्या जागी खिदिरपूरला जाऊन पोचलो होतो.

ते ऑफिस म्हणजे एका शिपिंग एजंटाच्या गोदामावरचा मजला. आमची चौघांची टीम तिथे बसवली होती. जहाज आलं की त्याची कागदपत्रं गोदीच्या कॉम्प्युटरकडे पाठवायची, असा आमचा प्रोग्रॅम. पूजेआधी चालू करायचा, हे ओघानं आलंच. हुगळीतून जहाज वर येतं ते भरतीच्या पाण्यावर, म्हणून भिंतीवर घड्याळ नव्हतं, भरती-ओहोटीचं छापील वेळापत्रक होतं आणि आमच्या जेवणाच्या वेळासुद्धा त्यावर ठरत. खिडकीतून चिखलाचा, डिझेलचा आणि तागाच्या गोणत्यांचा वास येई. उकाडा असा की खुर्चीतून उठताना पाठीचा शर्ट सोलून निघाल्यासारखा वाटे. मॉनिटर तेव्हा मोठे, ढेरपोटे, मागून तापणारे. आमच्यात वयाने मोठे असलेले तपनदा आपला ओला रुमाल त्यावर वाळत घालत. जहाजाचा भोंगा वाजला की मातीच्या कपातल्या चहावर बारीक तरंग उठायचा, आणि तो शांत होईपर्यंत आम्ही सगळे उगाचच थांबायचो.

मी पंचवीस वर्षांचा. सकाळी एक गाठ घेऊन बसायचं. ती सुटायची नाही. जेवताना पोळीचा तुकडा भाजीत तसाच राहायचा, कारण गाठ डोक्यात. आणि मग हात धुताना, नळाखाली, अचानक सुटायची. ओल्या हातानेच धावत यायचं, लिहायचं, चालवायचं. आणि ते चालायचं! माझं बंगाली कसं आहे, साहेबांशी माझं जमतं का, याच्याशी त्या प्रोग्रॅमला काही देणंघेणं नसे. बरोबर असलं की चालायचं, चुकलं की नाही. इतकं सरळ नातं माझं त्यानंतर कोणाशी राहिलेलं नाही. (अंजलीने हे वाचू नये.)

पूजेला दहाएक दिवस असताना तपनदांनी मला सगळ्या फाइलींवर एक हात फिरवायला सांगितला, काही फालतू राहिलंय का बघायला. सेटिंगच्या एका फाइलीत मला ओळ दिसली: चेष्टा बरोबर पाच. रोमन अक्षरांत, स्वच्छ. मी म्हटलं, वा! आदल्याच दिवशी माझ्या बंगालीवरून तिघांनी मला दुपारभर पिडलं होतं. आता प्रोग्रॅममध्येसुद्धा चेष्टा? आणि तीही मोजून पाच? मी सांगलीचा सरळमार्गी मुलगा. ओळ पुसून टाकली. तपासणीच्या वेळी सगळं सुरळीत चाललं. माझी मान जरा ताठ झाली.

चार दिवसांनी भरतीवर एक जहाज आलं. कागद पाठवायच्या वेळी लाइन गेली, जशी ती रोजच जायची. रोज प्रोग्रॅम पुन्हा पाठवायचा, पुन्हा पाठवायचा. त्या दिवशी त्याने एकदा पाठवलं आणि हात झाडून गप्प बसला. कोणाच्या लक्षातच आलं नाही. जहाज धक्क्याला, कागद आमच्याकडे, आणि मधे एजंटाचा वयस्कर कारकून छपाईचे गठ्ठे छातीशी धरून गोदीकडे पळतोय, चप्पल तुटलेली.

तपनदांनी संध्याकाळपर्यंत शोध लावला. मग माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

"मिलिन्दो, तुमि चेष्टाटाइ तुले दिले?" तू चेष्टाच काढून टाकलीस?

"हो," मी बाणेदारपणे म्हटलं. "ऑफिसात चेष्टा कशाला?"

ते माझ्याकडे बघत राहिले. मी त्यांच्याकडे. मग हळूहळू उलगडा झाला. बंगालीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. लाइन गेली तर पाच वेळा प्रयत्न करायचा, तरी नाही जमलं तर माणसाला हाक मारायची. ती पाचाची ओळ मी पुसली आणि प्रोग्रॅमने शून्य धरलं. आमच्याकडे चेष्टा म्हणजे काय ते मी चाचरत सांगितलं, तेव्हा तपनदांना इतकं हसू लोटलं की त्यांना चष्मा काढून टेबलावर ठेवावा लागला. डोळे पुसत ते म्हणाले, "म्हणजे तुमच्यात प्रयत्न करणाऱ्याला सगळे हसतात की काय?"

मग त्यांनी मला ती ओळ माझ्याच हाताने परत लिहायला लावली, आणि खाली उतरून त्या कारकुनासाठी नव्या चपला आणायलाही मलाच पाठवलं. चपलांचं माप चुकलं. पण प्रोग्रॅम चालला.

तपनदांना तीनदा बढती आली आणि तीनदा त्यांनी नको म्हटलं. निवृत्त होईपर्यंत कोड लिहीत होते. आता बराकपूरला असतात, विजयादशमीनंतर आमचा फोन होतो. मला बढती एकदाच विचारली. "तात्पुरतं आहे," म्हणाले, "नवा माणूस येईपर्यंत." मी लगेच हो म्हणालो. तो नवा माणूस यायचाय अजून. कोणी जबरदस्ती केली नव्हती, हे मी मान्य करतो. मला आवडलंही होतं. ईरा लहान होती, घर घ्यायचं होतं, सांगलीला सांगायला बरं वाटत होतं. माणसं जपण्याचं काम हलकं आहे असंही नाही. पण संध्याकाळी घरी येताना आज काय केलं ते बोट ठेवून दाखवता येत नाही. तेव्हा यायचं. हे बघ, हे. सकाळी नव्हतं, आता आहे आणि चालतंय.

तपनदांचा तो प्रश्न मला त्या काळी नुसता गमतीचा वाटला होता. आता वाटतं, पन्नाशीला टेकलेल्या माणसाने काही नव्याने करायला घेतलं की ते बंगालीत काय आणि मराठीत काय, चेष्टाच. दोन्ही भाषा एकदम खऱ्या ठरायचं एक वय असतं. माझं ते आलं होतं.

मी कामांच्या यादीतून एक लहानसं काम उचललं. पडद्यावर जहाजांच्या वेळा दिसतात. रात्री बाराच्या पुढे येणाऱ्या जहाजापुढे आदल्या दिवसाची तारीख पडत होती. तक्रार कित्येक महिने पडून होती, फार किरकोळ म्हणून कोणी हात लावत नव्हतं. मी पहाटे साडेपाचला उठून जेवणाच्या टेबलावर बसू लागलो. यंत्राला विचारायचं नाही, असं ठरवलं. खालच्या शिउलीच्या, म्हणजे आपल्या पारिजातकाच्या, झाडाखाली फुलांचा सडा पडलेला असे, आणि वास तिसऱ्या मजल्यापर्यंत येई. अंजली उठून चहा ठेवायची आणि माझ्याकडे बघून न बोलता आत जायची. इतक्या वर्षांत ती माझ्याशी कामाच्या वेळी न बोलल्याचं हे पहिलंच उदाहरण. तीन आठवड्यांत माझ्या चौदा ओळी झाल्या. ईराने एकदा डोकावून पाहिलं. म्हणाली, "बाबा, हे असं आता कोणी नाही लिहीत."

"चालतं का?"

"चालतं."

"मग जा, पाणी खा."

द्वितीयेला सकाळी मी त्या चौदा ओळी तपासायला पाठवल्या. आमच्याकडे प्रत्येक बदल दुसऱ्या कोणीतरी वाचून मंजूर करावा लागतो, आणि ते काम सोहिनीकडे. आमच्या टीममधली सगळ्यात तयार प्रोग्रॅमर. तिच्या नजरेतून काही सुटत नाही. मुलं तिच्याकडे कोड पाठवताना परीक्षेचा पेपर दिल्यासारखी घाबरतात. दोन मिनिटांत उत्तर आलं: मंजूर. पुढे जोडलेल्या हातांचं चित्र.

दिवसभर मी हवेत. शिपायालाही मिठाई दिली. संध्याकाळी टॅक्सीत बसल्यावर, कसबा फाट्याच्या गर्दीत, लखकन लक्षात आलं. महिन्याची शेवटची तारीख! एकतीसनंतर मी बत्तीस केलं होतं.

दुसऱ्या दिवशी सोहिनीला बोलावलं. "ती बत्तीस तारीख. तुला दिसली नाही?"

तिने माझ्या टेबलावरचं पेन सरळ करून ठेवलं.

"सोहिनी."

"दिसली होती, सर."

"मग मंजूर का केलंस?"

"सर, तुमची परवानगी जाणार होती ना. सगळ्यांना माहीत आहे. मी पूजेनंतर गुपचूप दुरुस्त करणार होते."

तिच्या आवाजात कुठेही टवाळी नव्हती. असती तर सोपं गेलं असतं. घरातल्या म्हाताऱ्याने कापलेली वाकडी भाजी सून मुकाट्याने पुन्हा कापते, तशी माया होती ती.

"दुसऱ्या कोणी हे पाठवलं असतं तर काय केलं असतंस?"

"परत पाठवलं असतं."

"काय लिहून?"

ती चुळबुळली.

"जे लिहिलं असतंस ते लिही. मी माझा बदल मागे घेतो." आणि घेतला. म्हणजे मिळालेला पुरावा माझ्याच हाताने फाडला. तीन दिवस उरले होते.

तिने अकरा शेरे लिहिले. पहिल्या तिन्हींची सुरुवात 'सर, शक्य असल्यास' अशी. चौथ्यात 'सर' गेलं. सातव्यात नुसतं 'हे असं का?' होतं. नवव्यात एकच शब्द होता: 'नाही.' अकरा वर्षांत मला ऑफिसात कोणी नुसतं 'नाही' म्हटलं नव्हतं. तो शब्द मी दोनदा वाचला. मग दोन मीटिंगा रद्द करून बसलो. मीटिंगा रद्द झाल्याने कोणाचंच काही अडलं नाही, हे जरा झोंबलं.

ते तीन दिवस मात्र माझे होते. डबा खाताना घास हातात राहिला. हात धुताना पाचवा शेरा सुटला, आणि मी ओल्या हातांनी कॉरिडॉरमधून पळत आलो. वाटेत आमचे मोठे साहेब भेटले. "ऑल वेल, मिलिंद?" म्हणाले. मी "बत्तीस!" एवढंच म्हणालो आणि पुढे गेलो.

पंचमीला ऑफिस दुपारीच ओसरलं. मुली नव्या साड्यांत, मुलं कुर्त्यांत, शेजारच्या आवारातून पूजेचा ढोल, ढाक, वाजायला लागलेला. पावणेसहाला माझे अकरापैकी नऊ शेरे झाले होते. दोन राहिले होते, आणि त्यांतला नववा, तो 'नाही', मला अजून कळतच नव्हता.

सोहिनी बॅग खांद्याला लावून माझ्या टेबलाशी आली. "सर, उरलेले दोन किरकोळ आहेत. मी आत्ता मंजूर करते. सहाच्या आत होईल."

मला हो म्हणायचं होतं. इतकं मनापासून मला गेल्या कित्येक वर्षांत काही हवं झालेलं नव्हतं.

"किरकोळ होते तर तू लिहिलेस कशाला?" मी विचारलं.

तिने बॅग खाली ठेवली. आम्ही दोघं पडद्याकडे बघत राहिलो. सहा वाजले, आणि माझ्या चौदा ओळींखालचं पाठवायचं बटण राखाडी झालं. आवाज वगैरे काही होत नाही. मी एकदा ते दाबून पाहिलं.

"काम तर पुरं करायला हवं," ती म्हणाली. "मी करते माझ्या नावाने. बसा ना, सर." तिने शेजारची खुर्ची ओढली.

ती टाइप करायला लागली. माझ्या ओळी पडद्यावर होत्या आणि ती त्यांतून वाट काढत होती. मला कळेना माझी मांडी का हुळहुळतेय. खाली पाहिलं तर माझी बोटं गुडघ्यावर चालत होती. तिनेही पाहिलं असावं. थांबली, आणि कीबोर्ड माझ्यापुढे सरकवला.

दुसऱ्याच्या नावावर लिहायचं नाही, या नियमाखाली माझीच सही आहे. पण खरं सांगायचं तर मला नियम आठवला नाही. मला फक्त हे दिसलं की नवव्या शेऱ्याचं उत्तर मला अजून माहीत नाही, आणि तिला आहे. मी कीबोर्ड परत तिच्याकडे ढकलला.

"तूच लिही."

"मग तुम्ही सांगा, सर."

"सांगतही नाही. अडलीस तर विचार."

मी तिथेच बसून राहिलो. ती अडली नाही.